शाळा म्हणते सुधारला, घरी मात्र हसत नाही

ठाण्यातल्या एका आईचं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहे.

‘माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही असा त्रास) निदान झाल्यावर डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं. शाळा सकाळची, म्हणून पावणेसातला एक गोळी आणि घरी आल्यावर साडेबाराला दुसरी. बाई खूश होत्या. मध्ये पुन्हा तक्रार आली म्हणून गेल्या महिन्यात डोस वाढवला. आता शाळेत ‘फारच सुधारला’ म्हणतात, पण घरी वेगळंच मूल आहे. दुपारभर गप्प, कार्टून लावलं तरी हसत नाही. डबा तसाच परत. पाचला ट्यूशनची वेळ झाली की रडारड, फेकाफेक, बहिणीला मारणं. गेल्या आठवड्यात दोनदा, भर दुपारी, हातावर किडे चालताहेत म्हणून हात झटकत होता. मी पाहिलं, काही नव्हतं. मिस्टर म्हणतात, ट्यूशन चुकवायची नाटकं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, वर म्हणाल्या, या गोळ्यांपायी पोराला मेंटल हॉस्पिटलात न्यावं लागेल. शनिवार-रविवार मी गोळी देत नाही, हे डॉक्टरांना माहीत नाही. रविवारी उपवन तलावावर नेलं की तो अगदी आधीसारखा असतो. यांच्या एका काकांना मानसिक आजार होता. घरात तो विषय निघत नाही आणि डॉक्टरांकडे सासूबाई सोबत होत्या, म्हणून मी तो सांगितला नाही. गोळी चालू ठेवू की बंद करू? बाईंना शांत वर्ग मिळावा म्हणून मी मुलाचं हसू घालवतेय का?’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांकडे जरा उशिरा येते. आधी किडे.

जागा असताना, दिवसाउजेडी, दोन वेळा, नसलेले किडे अंगावर जाणवणं ही पुढच्या तारखेपर्यंत थांबवून ठेवायची गोष्ट नाही. हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर दवाखान्यात निरोप ठेवा आणि निरोपात ‘नसलेले किडे अंगावर जाणवतात’ हे स्पष्ट सांगा. ‘जरा त्रास होतोय’ असं मोघम म्हटलं की पलीकडून पुढच्या आठवड्याची वेळ मिळते. बोलणं होईपर्यंत पुढची गोळी देऊ नका. मी समुपदेशक आहे, औषधं लिहून देत नाही, आणि ‘आपल्या मनाने गोळी तोडू नका’ हे एरवी मीच सगळ्यांना बजावत असते. पण नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू लागल्या तर हे औषध थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचं असतं. साध्या मिथाइलफेनिडेटचा असर चारेक तासांत ओसरतो. नेहमीच्या डोसमधली गोळी एक-दोन दिवस दिली नाही म्हणून मुलाला धोका होत नाही. त्याच्या जोडीला झोपेसाठी किंवा चिडचिडीसाठी क्लोनिडीन किंवा ग्वानफसिन चालू असेल तर ते मात्र तसंच चालू ठेवा. ते एकदम तोडलं तर रक्तदाब उसळू शकतो.

मुलाला आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं वाटत असेल, तो रात्र रात्र झोपत नसेल आणि तरी दिवसभर भलत्याच जोशात असेल, किंवा ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलत असेल, तर फोनच्या उत्तराची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

डॉक्टर काही गोष्टी विचारतील, त्या आधीच कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी ताप होता का? चढत्या तापात मुलं बरळतात, नसलेलं बघतात. सर्दी-खोकल्याचं सिरप चालू होतं का? त्यातल्या काही औषधांनीही मुलं अशी वागतात. कुणी स्मरणशक्तीचं चाटण किंवा आणखी कसल्या गोळ्या सुचवल्या होत्या का? मुलगा पेंगत होता की टक्क जागा? दुपारची गोळी घेऊन किती वेळ झाला होता? आणि ‘किडे खरे नाहीत’ असं सांगितल्यावर त्याला पटलं का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून डॉक्टरांना बरंच कळतं.

आता मिस्टरांच्या ‘नाटकां’बद्दल. त्यांना राग येऊ न देता हे वाचून दाखवा. एडीएचडीच्या औषधांच्या ४९ चाचण्या एकत्र तपासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या तज्ज्ञांनी २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. खरं औषध घेणाऱ्या गटांत भास किंवा उन्माद अशा ११ घटना सापडल्या, खोटी गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. हिशेब मांडला तर १०० मुलांनी वर्षभर औषध घेतलं की साधारण दीड घटना. औषधं बाजारात आल्यानंतर पालकांकडून आणि डॉक्टरांकडून आलेल्या शेकडो तक्रारीही त्यांनी चाळल्या. लहान मुलांच्या भासांत पुन्हा पुन्हा काय आढळलं, तर किडे, अळ्या, साप, कधी दिसणारे तर कधी अंगावर वळवळणारे. तुमच्या मुलाने हा निबंध वाचलेला नाही. ट्यूशन चुकवायला नऊ वर्षांचं मूल पोटात दुखतंय म्हणतं, आणि अमेरिकेतल्या मुलांच्या तक्रारींशी जुळणारी तक्रार तो मनाने रचेल हे मला पटत नाही.

हेच आकडे वाचून घाबरायचंही कारण नाही. २०१९ साली १३ ते २५ वयाच्या दोन लाखांहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात अशी औषधं सुरू केलेल्या साधारण ६६० जणांमागे एकाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास होतं, अॅम्फेटामिन हे दुसरं उत्तेजक (स्टिम्युलंट) औषध घेणाऱ्यांत त्याच्या दुप्पट. आपल्याकडे या मुलांना दिलं जाणारं उत्तेजक म्हणजे बहुधा मिथाइलफेनिडेटच. दोन अभ्यासांच्या आकड्यांत इतका फरक का, असं कुणी चाणाक्ष वाचक विचारेल. वयोगट वेगळे होतेच, शिवाय दुसऱ्या अभ्यासात सायकोसिसचं निदान होऊन त्यावर औषध लिहून दिलेलेच रुग्ण मोजले होते. दुपारी दोनदा हात झटकलेलं मूल, ज्याची आई डॉक्टरांशी बोललीच नाही, ते अशा मोजणीत येत नाही. म्हणूनही सांगते, बोला.

पुढे काय होतं? औषध थांबवलं की बहुतेक मुलांचे हे भास थोड्याच दिवसांत जातात. ज्यांच्याबद्दल अशा तक्रारी आल्या त्यांतल्या दहांपैकी नऊहून जास्त जणांना आधी असं कधीही झाल्याची नोंद नव्हती. एवढ्यावरून मुलाला कायमचा मोठा आजार आहे असं ठरत नाही. गोळी बंद करूनही आठवडाभरात भास गेले नाहीत तर मात्र औषधाखेरीज दुसरं काही आहे का, हे डॉक्टरांना खोलात जाऊन पाहावं लागेल.

आणि इथेच मिस्टरांचे काका येतात. उत्तेजक औषध सुरू करण्याआधी रक्ताच्या नात्यात कुणाला सायकोसिस, बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून), तीव्र नैराश्य होतं का, कुणी आत्महत्या केली होती का, हे विचारायचं असतं. औषधाच्या माहितीपत्रकातही तशी सूचना असते. विचारलं जातं, पण आपल्याकडे खोलीत कोण बसलंय त्यावर उत्तर ठरतं. घरातली लग्नं व्हायची असतात, सासूबाईंना ती जुनी गोष्ट उकरलेली आवडत नाही, आणि सून म्हणून तुम्ही ती कशी काढणार? मला तुमची अडचण कळते. तरी काकांचं सांगावंच लागेल. सगळ्यांसमोर सांगण्याची सक्ती मात्र नाही. डॉक्टरांना वेगळी पाच मिनिटं मागा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून फाइलमध्ये सरकवा: काकांचं नातं, साधारण कितव्या वर्षी त्रास सुरू झाला, काय दिसायचं, कुठलं औषध आठवतं. हे कळल्यावर डॉक्टर औषध अजिबात देणार नाहीत असं नाही. डोस वाढवताना त्यांचा हात जरा आखडता राहील, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

सासूबाईंच्या बोलण्यावर एकच सांगते. ‘ह्याला ठाण्याला न्या’ हा विनोद मुंबईकरांनी इतक्या पिढ्या चालवलाय की आपण ठाणेकरही तो निमूट ऐकून घेतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. तिथल्या ओपीडीत रोज साधीसुधी माणसं येतात आणि औषध घेऊन लोकल पकडून घरी जातात. नातवाला वाचवायच्या तळमळीनेच आजी तसं बोलल्या असतील. फक्त मुलाच्या कानावर ते पडू देऊ नका. अंगावर किडे चालल्यासारखं वाटून तो आधीच घाबरलेला आहे.

आता राहिलेलं. गप्प बसणं आणि पाचची रडारड तुम्ही पत्रात एकाच माळेत ओवल्या आहेत. मला त्या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, कारण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

गप्प बसणं दुपारचं आहे, म्हणजे दुसरी गोळी पूर्ण चढलेली असतानाचं. मूल मलूल होणं, हसू आटणं, मित्रांत न मिसळणं, एकाच गोष्टीत अडकून बसणं हे बहुतेक वेळा डोस त्या मुलाला जास्त होत असल्याचं लक्षण असतं. तुमचा डोस वाढला आणि त्यानंतरच हे सुरू झालं. रविवारी गोळी नसते, आणि उपवनला तो आधीसारखा असतो. न सांगता केलेल्या या प्रयोगाबद्दल डॉक्टर थोडं रागावतीलही, पण त्यातून मिळालेली माहिती लाखमोलाची आहे. मुलाचं हसू कुठेही गेलेलं नाही, चुकीच्या मात्रेखाली दबलंय. हे त्यांना जसंच्या तसं सांगा. लपवून ठेवलंत तर त्यांच्यापुढे फक्त बाईंचा ‘फारच सुधारला’ हा शेरा राहील आणि त्या शेऱ्यावर डोस आहे तसाच ठेवला जाईल.

रविवारचा मिस्टरांनी वेगळा अर्थ काढला तर मात्र त्यांना थांबवा. ‘बघ, गोळीशिवाय ठीक आहे की, म्हणजे याला काही झालेलंच नाही.’ तलावाकाठी धावणाऱ्या मुलाकडून चाळीस मिनिटं बाकावर बसून गणितं सोडवायची अपेक्षा कुणी करत नाही. एडीएचडीची परीक्षा सोमवारी असते.

संध्याकाळचं गणित निराळं आहे. साडेबाराची गोळी साडेचार-पाचला ओसरते. औषध उतरताना काही मुलांत चिडचिड, रडू, आदळआपट उसळून येते, कधी औषध सुरू होण्यापूर्वी होती त्याहूनही जास्त. डॉक्टर त्याला ‘रिबाउंड’ म्हणतात. त्यावर त्यांच्याकडे उपाय असतात: गोळ्यांच्या वेळा सरकवणं, हळूहळू सुटणारी दीर्घ असराची गोळी देणं, क्वचित दुपारनंतर एक अगदी छोटा डोस. डोस कमी केल्यावर काही वेळा हा प्रश्न आपोआपच हलका होतो.

घरातला उपाय तुमच्या हातात आहे. या पोराने सकाळी साडेसहाला उठून काय खाल्लं? डबा परत आला, दुपारी गोळीने भूक मारली, आणि बरोबर पाच वाजता, औषध उतरत असताना, रिकाम्या पोटी, आपण त्याला ट्यूशनला बसवतोय. एडीएचडी नसलेलं मूलही या वेळी भोकाड पसरेल. ट्यूशन महिनाभर बंद ठेवा. अगदीच नको वाटत असेल तर ट्यूशनच्या बाईंशी बोलून शनिवार सकाळवर न्या. सकाळची गोळी पोटभर नाश्त्यानंतर द्या, पोळी-भाजी, अंडं, थालीपीठ, जे जातं ते. डब्यात त्याला एरवी आवडतं ते थोडंसंच द्या आणि परत आल्यावर बोलू नका. साडेचारला समोर ताट ठेवा, मग तासभर खाली खेळायला सोडा. रात्री नऊला पुन्हा भूक लागली तर ‘आता काय ही खायची वेळ’ असं न म्हणता वाढा. अशा मुलांचं खरं जेवण बऱ्याचदा रात्रीच होतं. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजावी, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. तुमच्या फाइलमध्ये गोळी सुरू करण्याआधीचं वजन, नाडी आणि रक्तदाब लिहिलाय का, तेही बघून ठेवा.

इतर पालकांसाठी जाता जाता. नखं कुरतडणं, कातडी सोलणं, डोळे मिचकावणं किंवा खांदे उडवणं नव्याने सुरू झालं, मूल अचानक भित्रं झालं, झोप उडाली, तर तारीख घालून लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. सहा वर्षांखालच्या मुलांत रडू आणि चिडचिड जास्त दिसते. त्या वयात आधी पालकांचं प्रशिक्षण आणि शाळेतले बदल, औषध नंतर, यावर जगभरचे तज्ज्ञ बऱ्यापैकी एकमताने बोलतात.

तर मग चालू की बंद? आजपुरतं बंद, डॉक्टरांशी बोलेपर्यंत. त्यानंतर निवडायला दोनहून जास्त वाटा आहेत. किडे गेले आणि डॉक्टरांना सुरक्षित वाटलं तर ते काही दिवसांनी पुन्हा कमी मात्रेत, वेगळ्या प्रकारच्या गोळीने सुरुवात करू शकतात. किंवा उत्तेजक सोडून अॅटोमॉक्सेटीन देतील. त्याचा असर दिसायला काही आठवडे लागतात, आणि मुलांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा ठळक इशारा त्यावर २००५ पासून आहे, म्हणजे त्यावरही लक्ष ठेवावंच लागतं. किंवा काकांचा इतिहास बघून काही महिने औषधच नको, फक्त वर्तनोपचार आणि शाळेतली मदत, असंही ठरेल. कुठली वाट हे मला इथून सांगता येणार नाही. डॉक्टरांनी तुमचं ऐकूनच घेतलं नाही, ‘असं काही होत नसतं’ म्हणून उडवून लावलं, तर दुसरं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. खर्च कमी, रांग मोठी. फाइल आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

मुलाचं हसू घालवतेय का, या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: शांत वर्ग किंवा हसरं मूल, दोन्हींपैकी एकच मिळणार. योग्य मात्रेतल्या औषधाने मूल मलूल व्हायला नको. त्याला खोडी सुचली पाहिजे, फक्त ती करण्याआधी क्षणभर थांबता आलं पाहिजे. बाईंना पुढच्या वेळी ‘नीट बसतो का’ याऐवजी विचारा: मधल्या सुट्टीत खेळतो का, हात वर करतो का, शेजारच्याशी बोलतो का? नीट बसतो पण यातलं काहीच करत नाही, असं उत्तर आलं तर तेही डॉक्टरांना सांगायच्या यादीत. आणि मुलालाही विचारा, गोळी घेतल्यावर आत कसं वाटतं. तपासणीत त्याच्याशी दोन मिनिटं बोललं गेलं तरी पुष्कळ, त्यामुळे हे काम घरातच करावं लागतं.

व्यसन लागेल ही भीतीही घरात असणार, कारण ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि जिथे मिळते तिथे प्रिस्क्रिप्शनची एक प्रत ठेवून घेतात. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. विकायला वेगळा परवाना आणि ती प्रत दोन वर्षं जपणं कायद्याने बंधनकारक आहे. गैरवापर होऊ नये म्हणून ही काळजी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधं घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनं वाढलेली अभ्यासांत दिसलेली नाहीत. डबी मात्र कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

डॉक्टरांच्या भेटीला या वेळी मिस्टरांना न्या, रजा टाकून. सासूबाईंना घरी नातीजवळ राहू द्या. आदल्या दिवसापर्यंत एका वहीत गोळीची वेळ, खाणं, झोप आणि मूड एवढेच चार रकाने भरा. पाचची रडारड फोनवर मिनिटभर चित्रित करून ठेवलीत तर डॉक्टरांना बोलण्यापेक्षा लवकर कळेल. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नका. वर्गशिक्षिकांना इतकंच कळवा की औषधात बदल चालू आहे, दोन-तीन आठवडे तो थोडा अस्थिर असेल, त्याला पुढच्या बाकावर बसवा, लिखाण छोट्या तुकड्यांत द्या, मधे पाणी आणायला पाठवा, आणि तक्रार असेल तर डायरीत लाल शाईने न लिहिता तुम्हाला फोन करा.